मानेखाली थांबलेली शिवण

प्रिय रोहिणी,

सत्तावीस वर्षांनी माझं अक्षर बघून तू हे पत्र न वाचताच फाडशील, असं वाटतं. तरी लिहितोय. अंबाजोगाईत माझं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. झुंबरं, हंड्या, अत्तराच्या कुप्या, असं काचसामान घेऊन लोक लांबून पारख करून घ्यायला येतात आणि मी सांगेन ते खरं मानून जातात. त्याचीच आता मला भीती वाटते.

तेव्हा मी हैदराबादहून नुकताच परतलो होतो. दोन वर्षं एका काचवाल्याच्या हाताखाली काढली, तेवढ्यावर स्वतःला जाणकार समजत होतो. घाटनांदूरला बंकटरावांच्या घरी निळ्या परदेशी काचेच्या गुलाबदाण्यांची जोडी होती, त्यांच्या आजोबांच्या काळातली. तुझी आई साखराबाई तिथं कामाला, ती जोडी तीच पुसायची. एक दिवस मालकीणबाईंना, तुळजाबाईंना, त्यातली एक फिकी वाटली आणि साखराबाईनं अस्सल विकून नकली ठेवली, असा बोभाटा झाला. मला बोलावणं आलं. अंगणात माणसं जमलेली. मी फिकी दाणी उचलली, अंगावर साच्याच्या जोडाची रेघ, आम्ही तिला शिवण म्हणतो, ती दिसली आणि मिनिटभरात बोलून गेलो, "ही साच्यातली हाय. नवी."

तुझी आई म्हणाली, "अजिनाथ, नीट बघ रे बाबा. मी कावून असं करीन?" मी पुन्हा बघितलंच नाही. चारचौघांत शब्द फिरवायची लाज वाटली. आठवड्यात तुम्ही गाव सोडलंत. आपल्या लग्नाची बोलणी तिथंच थांबली, आणि मी मूर्ख, तुझ्यावरच रुसून बसलो, की हिनं माझं खरं मानलं नाही.

बंकटराव वारल्यावर त्यांच्या मुलानं, हनुमाननं, घरातलं सामान विकायला काढलं. ती जोडी माझ्याच दुकानात आली. फिकी दाणी धुऊन उन्हात धरली. शिवण होती, पण मानेखालीच थांबलेली. यंत्रावरच्या वस्तूत ती थेट ओठापर्यंत जाते. इथं ओठ कारागिरानं हातानं वळवला होता. बुडाला, जिथून ती कारागिराच्या लोखंडी सळईवरून तोडली, तिथं खरखरीत वण होता. दोन्ही अस्सल, दोन्ही जुन्या. एकीचा रंग जरा फिका उतरला होता, एवढंच. तुझ्या आईनं काही केलं नव्हतं.

मी घाटनांदूरला जाऊन पारावर सगळं सांगितलं. माणसं म्हणाली, "कोणची गुलाबदाणी?" एक म्हातारा म्हणाला, "साखराबाई व्हय? ती चोरटी?"

रोहिणी, हे कळून मला दोन वर्षं झाली. तुम्ही उमापूरला असता, हेही ठाऊक होतं. तेव्हाच एकदा उमापूरला यायला निघून गेवराईपर्यंत आलो, स्टँडवर तासभर बसलो आणि परतीच्या गाडीत चढलो. तुझ्या आईसमोर उभं राहायचा धीर झाला नाही. काल तुझा मावसभाऊ हरिओम दुकानावर आला. म्हणाला, "मावशी मागच्या सोमवारी गेली." त्यानंच सांगितलं की गाव सोडल्यापासून त्या कुणाच्याही घरी गेल्या तरी कशालाच हात लावत नसत. पाण्याचा पेलासुद्धा कुणी हातात दिल्याशिवाय घेत नसत. मी त्या दिवशी गेवराईहून पुढची गाडी धरली असती, तर निदान दोन वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं पेला उचलला असता. म्हणून लिहिलं. क्षमा मागत नाही. ती द्यायला त्या राहिल्या नाहीत.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क न उरलेला,
अजिनाथ