दाराबाहेरचा होकार

आई,
लांबूनच तुझ्या पाया पडते.

बाळ छान आहे. नाक थेट तुझं. सिझरचे टाकेही सुकत आलेत. तुझे गुडघे काय म्हणतात?

एक सांगायचं राहिलं. पोट उघडलेलंच होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मुलं बंद होण्याचं ऑपरेशनही उरकून टाकलं. मला ते पट्टी बदलताना कळलं. "सुटलात की हो ताई!" असं नर्स हसत म्हणाली.

भूल फक्त कमरेखाली होती. मी जागी होते. डॉक्टरीणबाई कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होत्या, तेही मला ऐकू येत होतं. पण विचारलं ते दाराबाहेर, ह्यांना. हे म्हणाले, "त्या अवस्थेत तुला कशाला त्रास द्यायचा?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. सकाळचा चहा हल्ली तेच करतात.

मला अजून रडू आलेलं नाही. जेवण मात्र नीट जातं, काळजी करू नकोस.

धाकटीचे दिवस भरत आलेत ना? तिच्या वेळी दाराबाहेर तू उभी राहा. कुणी काही विचारलं तर हो म्हणू नकोस, नाहीही म्हणू नकोस. "ती जागी आहे, तिला विचारा," एवढंच म्हण.

तुझी,
थोरली