धोटा आडवा, फोन उभा

बाबा, मागच्या रविवारी आईच्या फोनमध्ये मी नवीन अपडेट टाकलं. तिला न विचारता टाकलं. अपडेट म्हणजे काय हे आधी सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा घरात पहिला टच फोन येऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि असं काही असतं हे आपल्याला माहीत नव्हतं. फोन तोच राहतो. काच तीच, पाठीवरचा ओरखडा तोच. पण आतली सगळी मांडणी कंपनी दुरून बदलून देते. एक सूचना येते, तिच्याखाली एक बटण असतं, ते दाबलं की अर्धा तास फोन आपल्याच विचारात असल्यासारखा बसतो आणि मग उघडतो तो जरा परका होऊन. अक्षरं जाड झालेली असतात, चौकोनी चित्रं गोल झालेली असतात, घंटीचा आवाज कुठे कमी करायचा ते शोधावं लागतं. सकाळी उठून पाहावं तर कोणीतरी चूल दुसऱ्या भिंतीला नेऊन ठेवलेली, असं काहीसं.

सदर भागातल्या मोबाइलच्या दुकानात मला आता सहा वर्षं झाली. मोठं अपडेट आलं की पुढचे आठ दिवस दुकानात दुरुस्तीचे कमी आणि रागावलेले लोक जास्त येतात. परवा एक निवृत्त काका आले आणि काउंटरवर फोन आपटून म्हणाले, "माह्या फोन कोनं बदलला? मी तर हातही नाही लावला." मी त्यांना दाखवलं की बटण त्यांनीच दाबलं होतं. ते म्हणाले, "ते तर मी असंच दाबलं. रोज रोज इचारे म्हणून. भिकाऱ्याले देते नं मानूस, जा बाप्पा म्हणून, तसं." मला त्यांचं हसू आलं नाही. मी गत्त्यावर सूचना लिहून दुकानात लावलेली आहे: अपडेट आल्याबरोबर घाई करू नये, आठ दिवस थांबावे, फोटो आणि नंबर दुसरीकडे जपून ठेवावेत, बॅटरी अर्ध्याहून जास्त असावी, पहिले दोन दिवस बॅटरी लवकर उतरल्यास घाबरू नये. तीनदा लिहून काढली, कारण पहिल्या वेळी 'दुसरीकडे'मधला दु दीर्घ पडला होता. शेठजी मला मास्तर म्हणतात. म्हणतात, "मास्तर, तुह्या बोर्ड एकही गिऱ्हाईक नाही वाचत. पण अक्षर पाहून वाटते का दुकान शिकेल लोकायचं आहे." नववीतून शाळा सोडलेल्याला कोणी शिकलेला म्हटलेलं ऐकून बरं वाटतं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अपडेट वाईट असतं असं नाही, हे मी लोकांना रोज समजावतो. जुन्या मांडणीत चोर शिरायच्या ज्या फटी सापडलेल्या असतात त्या नव्यात बुजवतात. आईच्या फोनमध्ये तिचं बँकेचं ॲप आहे, आणि तिला कोणी गोड बोलून काही दाबायला लावेल ही भीती मला दिवसभर असते. म्हणून रविवारी ती भाकरी थापत असताना मी तिचा फोन घेतला आणि बटण दाबलं. आठ दिवस थांबलो नाही. सूचना माझ्याच अक्षरात दुकानात लटकत होती.

तुम्हीच आईला फोन शिकवला होता. ती वाचत नाही. जागा आणि रंग ओळखते. म्हणून तुम्ही तिला जागा शिकवल्या. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसलेले आहात, तुमच्याच्यानं माग चालवणं होत नाही म्हणून ती धोटा धाग्यांत तसाच सोडून मागावरून उठून आली आहे, हाताला अजून सूत चिकटलेलं आहे. तुम्ही माझ्या फोनवरून तिच्या फोनवर रिंग देता आणि म्हणता, "धोटा आडवा जाते, फोन उभा जाते. हिरवं दिसलं का खालून वर ने." ती एकदा चुकते, दोनदा चुकते. तुम्ही म्हणता, "आडवं नाही वं. हा माग नोहे." त्यानंतर ती कधी चुकली नाही. तो फोन गेला, त्यानंतरचाही गेला, प्रत्येक वेळी मी त्याच कंपनीचा घेतला आणि तुम्ही लावलेली चित्रं त्याच जागी मोजून लावली. वरच्या ओळीत मी, मग ताई, मग मावशी. ताई घर सोडून गेली तरी तिचा फोटो मी दुसऱ्या नंबरच्या जागेवरून हलवला नाही, आणि आईनेही हलव म्हटलं नाही.

ताईचं तुम्हाला माहीत नाही. तिने दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या मनाने लग्न केलं. मुलगा चांगला आहे, नरखेड तालुक्यात संत्र्याची बाग आहे, माणसं साधी आहेत. पण तिने आईला सांगितलं ते लग्न झाल्यावर. आई एवढंच म्हणाली, "इचारलं असतं तर मी काय नाही म्हणनार होती? आता फोन नको करू." ताईने तो शब्द दोन वर्षं पाळला. माझ्याशी बोलायची, मी दुकानात असताना. आता तिला सातवा महिना आहे. तिने मला बजावलं होतं, "बाबू, तू आईले सांगजो नको. मीच सांगीन. हिंमत झाली का मीच लावीन फोन."

तिची हिंमत सोमवारी झाली.

मला हे कळलं बुधवारी, दुकानात. ताईचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. "लावला होता मी. आईनं कापला. मले वाटलं चुकून झालं, म्हणून आनखी लावला. तीनदा लावला, तीनदा कापला. जाऊ दे. मले समजलं." मी एका फोनची काच उघडून बसलो होतो, स्क्रू ओळीने मांडून ठेवलेले होते. मला त्याच क्षणी दिसलं की रविवारनंतर त्या फोनमध्ये हिरवं खालून वर जात नाही. नव्या मांडणीत फोन आला की मधोमध एक पट्टी येते. ती उजवीकडे नेली तर उचलला जातो, डावीकडे नेली तर कापला जातो. हे मी दुकानात त्या आठवड्यात निदान पंधरा जणांना शिकवलं होतं. आईला नाही. मी ताईला म्हटलं, "ताई, तिनं नाही कापला." ती म्हणाली, "तर कोनं?" मी म्हटलं, "घरी जाऊन सांगतो." शेठजींकडे सुट्टी मागितली तर ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "जा. तोंड पाह्य आपलं. पानी पी आधी."

मागाजवळचा एक दिवस तुम्हाला आठवत असेल. मी नुकतीच शाळा सोडली होती आणि घरात आपला काही उपयोग आहे हे मला दाखवायचं होतं. लुगडं उतरवून झालं होतं, मागाच्या फणीतून जुन्या ताण्याच्या उभ्या धाग्यांची टोकं लोंबत होती, मळकी, तुटकी, गाठी पडलेली. तुम्ही सूत आणायला गेला होतात. मी ती सगळी टोकं कात्रीने सरळ रेषेत कापली, फणीतून ओढून काढली, गुंडाळी करून कचऱ्यात टाकली आणि माग फडक्याने पुसला. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही आलात आणि दारातच थांबलात. नवा ताणा त्याच टोकांना जोडायचा असतो, राख लावलेल्या बोटांनी एकेक धागा पिळून, आणि मग जुनं सूत पुढे ओढलं की त्याच्यामागून नवं सूत आपोआप आपापल्या फटीत जातं, हे मी रोज पाहत होतो आणि तरी मला कळलेलं नव्हतं. आता प्रत्येक धागा नव्याने ओवावा लागणार होता. तीन दिवस लागले. शेजारचे काका मदतीला आले, कापलेली सरळ कडा पाहून म्हणाले, "काहून गा, हे काय झालं?" तुम्ही म्हणालात, "उंदीर." काका म्हणाले, "उंदीर कैचीनं कापते काय?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "शिकेल आहे तो." आई हसली, ताई तर लोळली. मी फणीच्या पलीकडे बसून एकेक धागा तुमच्या हाताशी देत होतो. त्यानंतर आपल्या घरात काहीही फुटलं, सांडलं, हरवलं की ताई म्हणायची, शिकेल उंदीर आला होता.

तिसऱ्या दिवशी तुम्ही मला जे बोललात ते रागाने बोलला नाहीत. म्हणालात, "जुनं टोक म्हणजे घान नोहे. तो रस्ता आहे. नव्या धाग्याले कुठून जाचं हे कोन सांगनार? अन् ज्याच्या हातचा माग आहे त्याले इचारावं आधी." मी मान हलवली होती.

घरी पोचलो तेव्हा आईचा फोन तिच्याजवळ नव्हता. तिने तो तुमच्या जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून फळीवर ठेवला होता. मला पाहून म्हणाली, "बिघडला वाटते. तुले सांगनारच होती." मी विचारलं, काय झालं. ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तिचा फोटो आला होता. मी वर नेलं तर नाही झालं. आनखी नेलं, नाही झालं. वाजूनच राहिला. मंग मले काही सुचलं नाही, मी धोट्यासारखं फेकलं." तिने उजवा हात हवेत उजवीकडून डावीकडे फेकून दाखवला. "अन् बंद झाला. तीनखेप." मी विचारलं, मला त्याच संध्याकाळी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "काय सांगू? का मले उचलाचा होता म्हणून?"

दोन दिवस ती हे मनात घेऊन माझं ताट वाढत होती, बाबा. आणि परत लावायला गेली तर तिला ताईची जागाच सापडली नव्हती, कारण नव्या मांडणीत वरची ओळ आक्रसून बाजूला गेली आहे. तिने विचारलं, "कसा बदलला हा?" मी म्हणालो, "आपोआप येते ते. कंपनीकडून." तिने दुपट्टा सोडून फोन माझ्या हातात दिला.

मी माझ्या फोनवरून रिंग दिली. पट्टी कुठली ते दाखवलं. तिचा उजवा हात पुन्हा डावीकडेच गेला, फोन कापला गेला. मी समजावायला लागलो, उजवीकडे, म्हणजे दाराकडे, म्हणजे देवाच्या फळीकडे. तिने मला थांबवलं. हाताकडे पाहत बसली. मग म्हणाली, "थांब. उजव्या हातानं फेकला का डावीकडे जाते. वापस येते तो डाव्या हातानं." आणि फोन उजव्या तळहातावर घेऊन डाव्या हाताच्या बोटाने तिने पट्टी झटकन उजवीकडे सोडली. फोन लागला. माझाच आवाज मला तिच्या फोनमधून ऐकू आला. ती म्हणाली, "तुह्या बाबायनं उलटं शिकवलं होतं. आता हा मागच झाला."

ताईला मी पुन्हा लावायला सांगितलं तर ती म्हणाली, "चौथ्यांदा कापला तर, बाबू?" मी म्हटलं, "लाव." आणि मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो, कारण मला माझी खात्री नव्हती. घंटी वाजली, फोटो आला. आईने पदराला बोट पुसलं, फोन उजव्या हातात धरला, आणि डाव्या हाताने सोडला.

"बोल वं," आई म्हणाली.

मग ताई म्हणाली, "काहून कापून राहिली होती?"

"मी नाही कापला. फोनच बदलून गेला."

"कोनं बदलला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. रविवारी ती पाठमोरी बसून भाकरी थापत होती, तिला काही दिसलं नसेल असं मी धरून चाललो होतो. ती म्हणाली, "उंदरानं."

पलीकडे ताई हसली. दोन वर्षांत मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता तिचा आवाज फुटला आणि ती म्हणाली, "शिकेल आहे काय अजून?" आई म्हणाली, "कुठचा. नववीतच सोडली त्यानं." मग ताई म्हणाली, "आई, एक सांगाचं होतं," आणि मी अंगणात निघून गेलो. वाटेतला, मागाखाली पाय सोडायचा खड्डा आता बुजवला आहे, त्यावर फरशी आहे, तरी पाय तिथे आला की मी अजून वळसा घालतो. आतून आईचा आवाज येत होता. ती किती महिने झाले ते विचारत होती, आणि पुन्हा विचारत होती.

काल आईने मला बसवून तिच्या फोनवर ताईची जागा शोधायला लावली आणि ती परत वरच्या ओळीत, दुसऱ्या नंबरला लावून घेतली. दुकानातल्या गत्त्यावर मी एक ओळ वाढवली आहे: फोन ज्याचा आहे त्याला आधी विचारावे. शेठजींनी वाचली. काही बोलले नाहीत, म्हणजे खरंच वाचली.

हे सगळं मी वहीत लिहितो आहे आणि वहीतच राहणार आहे. तुम्हाला काही पाठवायला कुठली जागा मला सापडत नाही. पण एक लिहायचं राहिलं. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की त्या दिवशी मागाजवळ तुम्ही मला विचारलंच नाही, विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलं होतं. काका यायच्या आधी, सुताचं गाठोडं खाली ठेवता ठेवता, माझ्याकडे न पाहता, एकदाच विचारलं होतं, "कोनं कापला?" मी गप्प राहिलो, म्हणून तुम्हाला उंदीर आणावा लागला. बटण मी दाबलं हे आईलाही मी अजून तोंडाने सांगितलेलं नाही.

ताणा मी कापला होता, बाबा.