बाबांच्या फोनवरचा चौकोन

सोमवार, ३ नोव्हें.
बाबांचा चाफा वाया गेला. दोन टोपल्या. सकाळी आठला आईचा फोन, मी नायगावच्या घरी ऑफिसचा लॅपटॉप उघडतच होते. फुलं बाजारात नेणारा टेम्पो आलाच नाही. बाबा पहाटे कळ्या खुडून वटारच्या फाट्यावर दीड तास उभे. बाजाराला कळी बंद लागते, ती टोपलीतच उमलली.

टेम्पो येणार नाही हे आमच्या कंपनीच्या ॲपने काल संध्याकाळीच सगळ्या बागायतदारांना कळवलं होतं. स्क्रीनच्या मधोमध मोठा चौकोन, मागचं सगळं अंधुक. तो चौकोन मी डिझाइन केलाय. बाबांनी तो न वाचता बंद केला.

मंगळ., ४
वटारला जाऊन आले. उमललेली फुलं आईने देवळात दिली, उरलेली शेजारच्या इनास काकांनी क्रुसाला वाहिली. तरी घरभर वास. इतका राग आला त्या वासाचा.

बाबांना विचारलं, वाचलं का नाही?

"बाय, तूच शिकवलं ना. काय पण मधे आलं की कोपऱ्यातली फुली दाबायची."

शिकवलं होतं. गेल्या वर्षी, ओटीवर बसून, दहादा. तेव्हा ते प्रत्येक चौकोनाला घाबरायचे, मला फोन करायचे. रेटिंग द्या. सणाच्या शुभेच्छा. मित्राला ॲप पाठवा. शेवटी वैतागून म्हटलं, वाचूच नका.

ते चौकोनही माझेच. हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

"कळलं असतं तर रिक्षाने स्टेशनला नेला असता माल," एवढंच म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं.

गुरु., ६
बॉसशी, मंदारशी, वाजलं. म्हटलं, माणूस येतो टेम्पोची वेळ बघायला आणि त्याआधी आपण त्याला तीनदा अडवतो. चौथ्यांदा खरंच अडवायची गरज असते, तेव्हा तो का थांबेल?

मंदार: "अगं, पण रेटिंग तिथेच मिळतात ना यार. एका युजरसाठी सगळं बदलायचं?"

तो युजर माझा बाप आहे, म्हटलं. मीटिंगमध्ये असं बोलायला नको होतं. पण दोन-तीन आठवडे बाकीचे चौकोन काढून बघू म्हणाला.

रवि., ९
टेम्पो रद्दचा एकच चौकोन ठेवला आणि त्याची फुली काढून टाकली. दोनच बटणं: 'माल मी नेतो', 'उद्या खुडत नाही'. स्वतःवर फार खूश होते.

वटारला जाऊन बाबांना दाखवला. त्यांनी चारही कोपरे तपासले. फुली नाही. मग शांतपणे फोन बंद करून परत चालू केला.

"फुली नाय सापडली तर असं करायचं, तूच बोललेली."

आई पदराआड हसत होती. मलाही हसू आलं.

"तू कशाला एवढी डोकेफोड करते?" बाबा म्हणाले. "रोज संध्याकाळी तूच फोन करून सांग, टेम्पो येतो का नाय."

बुध., १२
रोज सहाला फोन. "येतोय, बाबा." "बरं." संपलं. पूर्वी तेच मला सांगायचे, टेम्पो कधी आला, कुणाच्या किती टोपल्या. चाळीस वर्षं कुणाला न विचारता वाडी सांभाळली या माणसाने. आता मला विचारल्याशिवाय चाफा खुडायची आकडी हातात घेत नाहीत. हे मी केलंय.

रवि., १६
वटार. आज काही शिकवायचं नाही असं ठरवून गेले, नुसती बघत बसले. आकडी भिंतीला टेकवून बाबांनी ॲप उघडलं. बघतात फक्त एकच जागा, टेम्पोची वेळ. बोट ठेवून मोठ्याने वाचतात, "चार वीस." बाकी स्क्रीन त्यांच्यासाठी नाहीच.

मग सूचना तिथेच का नको? चौकोन नको, अंधुक नको. वेळेच्या जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात: उद्या टेम्पो नाही. आधीच सुचायला हवं होतं. पण आम्हाला अडवायचीच सवय.

गुरु., २०
नवी स्क्रीन सगळ्यांना गेली. बाबांना सांगितलं, आजपासून माझा फोन नाही, तुम्हीच बघा. "बरं." आवाज पडलेला. वाईट वाटलं. आणि मंदार विचारतोय, रेटिंगचा चौकोन परत कधी...

सोम., २४
उद्या टेम्पो नाही. नव्या स्क्रीननंतर पहिल्यांदाच. दुपारी चारला सूचना गेली, तेव्हापासून हातून काडीचं काम नाही. बाबांना सांगावं? सांगितलं तर परत रोजचा फोन आला. नाही सांगितलं आणि परत दोन टोपल्या... बापावर प्रयोग करायची लाज वाटते.

साडेसहाला त्यांचाच फोन. वाडीतला पंप, आईचा गुडघा, नायगावला पाणी येतं का नीट. टेम्पोचं नाव नाही. मीही काढलं नाही.

"ठेवतो, बाय. आकडी सैल झालीय, बांधायला बसतो."

उद्या खुडायचंय म्हणून बांधतायत, की उद्या खाडा आहे म्हणून?

सात वाजलेत. मालासाठी रिक्षा सांगून ठेवायला अजून तासभर आहे. फोन टेबलावर पालथा घातलाय.