मांडीवर कोणाले बसवायचं

भिलाई, ता. ४ फेब्रुवारी १९६२

ती. इंदूबाईस धाकट्या भावाचा, देवमनचा सविनय जयभीम. वि. वि.

मी खुशाल. भट्टीवर काम लागलं. चौथीतून पळालेल्याचं अक्षर आहे, लावून घे.

बाई, तू दवाखान्यातली शिकलेली सुईण, म्हणून बायकोले, ललिताले, अमरावतीहून अकोल्याले तुह्यापाशी ठेवलं. पयल्या खेपेले डॉक्टरनं धर्मपालचं तोंड पाहूनच सांगितलं होतं का हे लेकरू जन्मभर मागं राहीन, आन् पुढचंही तसं निघू शकते. पाच वर्षं झाली, ते डोक्यातून जात नाही.

आता सातवा लागला. ओटी भरताना गरवार बाईच्या मांडीवर धट्टंकट्टं पोरगं बसवतात, तसंच पोटातलं निघते म्हणतात. तू शेजारच्या खुशालरावचं पोरगं बसव. धर्मपालले तेवढ्या दिवसापुरतं अमरावतीले आईकडे धाड. राग धरू नको, माया आहे तशी ठेव.

तुहा देवमन

अकोला, ता. १९ फेब्रुवारी १९६२

चि. देवमन यास अ. आ. व जयभीम.

गड्या, दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडलेस, आणि हा वहम तेवढा भिलाईले नेलास? दोन वर्षांत तीन कामं सोडली, हा नाही सुटला!

ललिता आली तेव्हा जेवत नव्हती. बाळ हललं की दचकायची. मी दर गुरुवारी तपासते. पुढचं कसं निघेल हे कोणालाच सांगता येत नाही, तसंच तिलाही सांगितलं. खोटा धीर दिला नाही. एवढंच म्हटलं की जे येईल ते माझ्या हातात येईल, आणि धर्मपालले चमच्यानं दूध पाजून वाढवलं तसं त्यालेही वाढवू. त्या दिवशी तिनं भाकर मागून घेतली.

धर्मपालले मी धाडलं नाही. पण ओटीच्या दिवशी तुझा मान राखून खुशालरावचं पोरगं तेल लावून पाटाशी आणलं, तिच्या मांडीवर बसवलं. ललितानं त्याच्या हाती खोबऱ्याची वाटी दिली, गालावरून हात फिरवला आणि त्याले खाली उतरवलं. मग धर्मपालले हाक मारून मांडीवर घेतलं. एक म्हातारी कुजबुजली. चारचौघींत मान वर न करणारी तुझी बायको सर्वांदेखत म्हणाली की माझी मांडी पहिल्यांदा यानंच भरली. दुसरं याच्यासारखं आलं तर दोघं एकमेकांले सोबत होतील. मग म्हातारीनंच त्याच्या तळहातावर साखर ठेवली.

इतकी बाळंतपणं केली, अशी बाई पाहिली नाही. थोरलीचा हात पाठीवर आहेच.

इंदू

भिलाई, ता. २७ फेब्रुवारी १९६२

ती. बाईस सविनय जयभीम. वि. वि.

तू थोबाडीत मारली, बरं केलं.

इथं जोडीदार गोवर्धन पोराचं विचारे, तर पयलीत जाते म्हणून मी खोटं सांगो. काल जेवणाच्या सुट्टीत खरं सांगितलं, का माह्या पोराले धड बोलता येत नाही, पण त्याच्या मायनं भर ओटीत त्याले मांडीवर घेतलं. सांगताना माही छाती अशी फुगली का डबा तसाच राहिला. गोवर्धन म्हणे, अशी बायको सोडून तू इथं काय करून राहिला बे. मी म्हटलं, तेच मी मले विचारून राहिलो. रजेचा अर्ज टाकला.

ललिताले या खेपेले आशीर्वाद नको, माहा जयभीम सांग.

रजा वेळेवर नाही भेटली तर तार कर. तारेत मुलगा का मुलगी, कसं आहे, काही लिहू नको. एवढंच लिही का धर्मपाल दादा झाला.

धर्मपालचा बाप,
देवमन