चकातली चावी

१४ सप्टें., रवि.
दुपारी मेडिकल बंद करून पुन्हा लेथचे (धातू कातायच्या मशीनचे) व्हिडिओ. सु. म्हणाली, "पन्नाशीत नवऱ्याला लोखंडाचं वेड लागलं, सांगू कुणाला?" सांग की. अर्ध्या पोलादपूरला ठाऊक आहे. आईच्या समईचा मधला पेच झिजलाय, वरचा भाग डुगडुगतो. तो पेच आपल्या हाताने करायचा, बास. ऑनलाइन एक छोटं मशीन आवडलंय, टेबलावर मावेल असं.

१६ सप्टें.
धोंडूकाकांना फोटो दाखवला. (बाबांचे मित्र, नाते गावचे. महाडला एका वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं लेथवर टर्नर, अजूनही जातात.) चष्मा वर करून बघितलं. "खेळणं हाय रे हे. ह्याला आटे पाडायची सोयच नाय. पेच कसा करशील, दातांनी?"

२१ सप्टें., रवि.
काकांबरोबर महाडजवळच्या एका बंद वर्कशॉपमध्ये. जुनं लेथ, वर बोटभर धूळ. मी रंग बघत होतो. काकांनी चकाजवळ (काम पकडून फिरवणारा जबडा) बेडच्या लोखंडी पट्ट्यांवरून नख फिरवलं, मग पार टोकाला फिरवलं. "काम चकाजवळ जास्त, म्हणून झीज पण तिथंच. रंगाचं काय घेऊन बसलास?" सगळी हँडलं फिरवून बघितली. "घे. तुझ्या जल्माला पुरेल." घेतलं. छोट्या मशीनचा फोटो फोनमधून काढून टाकला, थोडं वाईट वाटलं.

२८ सप्टें., रवि.
मशीन मागच्या पडवीत बसलं. काकांनी दिवसभर शिकवलं. पितळेचा पहिला तुकडा सपाट केला, आरशासारखा! चकाचा जबडा आवळायच्या आणि सैल करायच्या चावीबद्दल काकांचा एकच नियम, दहादा ऐकवला : "चकाची चावी चकात असली तर तिच्यावर हात पायजे. हात सुटला की चावी बाहेर. ती काय कोणाची सगी नाय."

२ ऑक्टो., दसरा
मशीनची पूजा. काकांनी चकाला, चावीला हळदकुंकू लावलं, चावी पाटावर ठेवली. झेंडूचा हार चकावर राहीना, घसरायचा. काका हात धुवायला आत गेले होते; मी चावी उचलून चकात खोचली आणि हार तिला अडकवला. सु.ने फोटो काढला. झकास आला. मग हार काढला. चावी तशीच. काका बाहेर येऊन म्हणाले, "कर मुहूर्त." मी बटन दाबलं.
चावी उडाली ती काकांच्या उजव्या मनगटावर. महाडला नेलं. हाड मोडलंय. प्लास्टर.
दवाखान्यात काका म्हणाले, "माझीच चूक. कुंकू लावताना चकात ऱ्हायली आसंल." मी तिथेच उभा होतो.

३ ऑक्टो.
रात्री सु.ने विचारलं, "हार तुम्ही चावीला अडकवला होतात ना?" हो म्हणालो. "मग काकांना सांगितलंत?" उद्या सांगतो म्हणालो. तिने पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

५ ऑक्टो., रवि.
नाते गावाला, काकांकडे गेलो. सांगायलाच गेलो होतो, देवाशपथ. काकी म्हणाली, "तू व्हतास म्हणून लगेच गाडी भेटली. पोटच्या पोरानं पण एवढं केलं नसतं." कॅल्शियमच्या गोळ्या ठेवून आलो. पैसे घेतले नाहीत. मोठा दानशूर! गोळ्यांनी पाप फिटत असतं तर मेडिकलवाले सगळे स्वर्गात गेले असते.

९ ऑक्टो.
काकांच्या वर्कशॉपचा मालक दुकानात आला, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. म्हणाला, काका दिवाळीनंतर येणार नाहीत. हात बरा होईल, मी थांबतो, असं त्याने समजावलं. तर म्हणे, "हाताचं नाय शेट. डोकं गेलं माझं. चाळीस वर्षांत चावी कधी चकात ऱ्हायली नव्हती."
सुट्टे परत द्यायचे विसरलो. मालक परत येऊन घेऊन गेला.
एका वाक्याचं काम आहे. एका वाक्यासाठी माणसाचा धंदा घालवतोय मी. भेकड.

१२ ऑक्टो., रवि.
समईचा खालचा भाग चकात धरला. आवळला. चावी काढली, तीनतीनदा बघितली, पाटावर ठेवली. बटनाकडे हात जाईना. अर्धा तास नुसता उभा. तसंच सोडून घरात आलो. सु. म्हणाली, "झाला पेच?"

१७ ऑक्टो.
काकांचा फोन. "रविवारी ये. येताना चकाची चावी घेऊन ये." कशाला, विचारायची हिंमत झाली नाही.

१९ ऑक्टो., रवि.
नाते. काका ओटीवर बसले होते, समोर हातोडी आणि एक जाड स्प्रिंग. चावी घेतली. काकीने धरली, काकांनी डाव्या हाताने ठोकून ठोकून चावीच्या टोकाला स्प्रिंग बसवली. दोनदा हातोडी काकीच्या बोटाजवळ गेली, ती ओरडली, "माझा पण हात मोडतस काय!" दोघंही हसले. मग चावी माझ्या हातात दिली. "आता ही चकात ऱ्हायचीच नाय. हात सोडलास की आपोआप बाहेर. माझ्यासारखा विसरभोळा कोण आला तुझ्याकडं, तर त्याचं हाड वाचंल."
तेव्हा निघालं तोंडातून. "काका, तुम्ही नाही विसरलात. चावी मी खोचली होती. हार अडकवायला."
काकांनी माझ्या हातातून चावी परत घेतली. स्प्रिंग अंगठ्याने दाबली, सोडली. पुन्हा दाबली. मग आत वळून म्हणाले, "ऐकलंस गो? मी नाय विसरलो. मी नाय विसरलो!" डोळे भरून आले होते त्यांचे. काकी माझ्याकडे बघत होती. काका बघेनात.
चहा आला. मी उठलो, येतो म्हणालो. काकांनी मान हलवली, हो की नाही कळलं नाही. चावी त्यांच्या मांडीवरच होती. मागायची कशी?
परवा लक्ष्मीपूजन. सु. समई शोधतेय. अर्धी देवघरात आहे, अर्धी चकात आवळलेली.