गाडी निघाली, असे मी म्हटले नव्हते

प्रति,
मा. सहायक श्रमायुक्त,
श्रम कार्यालय, जबलपूर

विषय : माझ्या आवाजात बोलणाऱ्या यंत्रातून तो आवाज काढण्याबाबत व शहपुऱ्याचे श्री. भय्यासाहेब पाठक यांना खरे काय ते कळविण्याबाबत.

संदर्भ : माझा हिंदी अर्ज व त्यावर गेल्या आठवड्यात झालेली सुनावणी.

महोदय,

१. पहिला अर्ज मी कचेरीबाहेरच्या टंकलेखकाकडून हिंदीत करून घेतला होता. त्यात नोकरी गेल्याचे सगळे आले, पण मला जे म्हणायचे होते ते राहून गेले. आपण मूळचे अमरावतीचे असल्याचे त्याच्याकडूनच कळले, म्हणून या वेळी घरच्या भाषेत, स्वतःच्या हाताने लिहिते आहे. राग मानू नये.

२. घरोघर ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवणाऱ्या 'श्वासदीप सेवा' या एजन्सीत मेघना, शर्मिला आणि मी, अशा तिघी फोनवर बसत असू. गुरूंचा अनुग्रह घेतल्यापासून माझे खोटे न बोलण्याचे व्रत आहे. फोनवर ते पाळणे सोपे नसते. लोक घाबरलेले असतात. "निघाली का गाडी?" एवढेच विचारतात, आणि हो म्हटले की त्यांचा जीव थाऱ्यावर येतो. तरी गाडी फाटकाबाहेर गेलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी निघाली म्हणत नसे; उठून खिडकीशी जात असे. मालक अतुल भैया हसायचे, "दीदी, आपका व्रत हमारा धंधा बिठा देगा." पण घरोघरचे लोक फोनवर मलाच मागत.

३. श्रावणात, नव्या मुलींना शिकवायला म्हणून, अतुल भैयांनी माझ्याकडून पुष्कळ वाक्ये मोबाइलवर बोलून घेतली. दसऱ्याला फोनवर उत्तरे देणारे यंत्र आले. टेबलावरच्या फोनांबरोबर त्यालाही मीच हळदकुंकू वाहिले. दिवाळीनंतर आम्हा तिघींना उद्यापासून येऊ नका असे सांगण्यात आले. शर्मिलाने एकदा घरून तो नंबर लावला आणि धावत माझ्याकडे आली, की दीदी, तुम्ही परत कामावर गेल्या काय? मी तेव्हा तुळशीला पाणी घालून राहिले होते.

४. वसंत पंचमीच्या दुपारी भय्यासाहेबांनी एजन्सीत फोन केला. त्यांच्या पत्नी इंदूताई ऑक्सिजनवर होत्या आणि सिलिंडर संपत आला होता. यंत्राने माझ्या आवाजात सांगितले, "काळजी करू नका, गाडी निघाली आहे." गाडी फाटकातच उभी होती, हे मला नंतर ड्रायव्हरकडून कळले. तिकडे शहपुऱ्याला शेजारी स्वतःची जीप घेऊन दारात उभा होता, जबलपूरला नेऊ म्हणत होता. भय्यासाहेबांनी त्याला थांबवले. म्हणाले, विनतादीदी निघाली म्हणाल्या म्हणजे निघाली. इंदूताई दिवेलागणीच्या आत गेल्या.

५. एकादशीच्या स्नानाला मी तिलवारा घाटावर होते. भय्यासाहेब अस्थी घेऊन आले होते. आम्ही एकमेकांना त्याआधी कधी पाहिलेले नव्हते. मी "नर्मदे हर" म्हटले आणि त्यांनी वळून पाहिले. म्हणाले, "काहून बोलल्या तसं, दीदी? आम्ही थांबून राहिलो नं." मी हात जोडून यंत्राचे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "जाऊ द्या. चुकतं माणसाचं. मी मनात नाही ठेवलं." आणि पाण्यात उतरले.

महोदय, ही क्षमा माझी नाही. ती मला परत करता येत नाही, आणि जिची आहे त्या वस्तूला देताही येत नाही.

६. सुनावणीत आपण म्हणालात की याबाबत अजून नियम नाही, वर चर्चा चालू आहे. माझा भाचा अनिमेष संगणकाच्या कामात आहे. तो म्हणतो, सरकारने बंधने घातली तर धंदे दुसरीकडे जातील आणि उरलेली कामेही जातील. मेघना म्हणते, बंधने नसली तर कोणाचेच काम उरणार नाही. दोघांचेही खरे असेल. पण फोन उचलताच 'मी यंत्र आहे' एवढे सांगायला लावले तर कोणता धंदा बुडतो? तेवढे कळते तर भय्यासाहेब जीपमध्ये बसले असते.

७. मला नोकरी परत नको. मेघनाचे मात्र पाहावे, तिची मुले लहान आहेत. माझा आवाज त्या यंत्रातून काढावा. आणि भय्यासाहेबांना आपल्या कार्यालयाच्या कागदावर, शिक्क्यासह, एक पत्र जावे की त्या दुपारी विनता बक्षी बोलली नव्हती. माझे सांगणे त्यांना पटले नाही. शिक्क्याचे पटेल.

८. पुढच्या तारखेला मी येईन, पण बोलणार नाही. सुनावणीच्या दिवशी अतुल भैयांनी मोबाइलवर यंत्र ऐकवले, तेव्हा आपण मान वर करून माझ्याकडे पाहिलेत. माझे ओठ मिटलेले होते. घरी आले आणि मौन धरले. भय्यासाहेबांना ते पत्र पोचेपर्यंत आहे. आपण विचाराल त्याचे उत्तर तिथेच, आपल्यासमोर, कागदावर लिहून देईन. अक्षर अजून माझ्या एकटीचे आहे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत, नम्र अर्जदार
(सही) श्रीमती विनता श्रीकांत बक्षी
कांचघर, जबलपूर
दिनांक : ४ मार्च २०२५

सोबत : १) पहिल्या हिंदी अर्जाची प्रत
२) श्री. भय्यासाहेब पाठक यांचा शहपुऱ्याचा पूर्ण पत्ता
३) त्यांच्या पत्रासाठी तिकीट लावलेला लिफाफा