आत दुमडलेलं कापड

ती. आईस नमस्कार.

मी बरी आहे. वेळेवर जेवते, आणि पडल्या पडल्या झोप लागते. तुझे गुडघे काय म्हणतात? उगाच जिना चढत बसू नकोस.

दुकानात काम भरपूर आहे. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या. डोकं लागत नाही, हात चालतात. मालकीणबाई फटकळ आहेत, पण चहा आठवणीने देतात.

परवा एक उंच गिऱ्हाईक चिडून परत आलं. नव्या पँटमधून त्याचे घोटे उघडे पडले होते. मालकीणबाई म्हणाल्या, "खडूची खूण तर खाली आहे. मग हे माप कुणाचं गं?"

माप ह्यांचं होतं. हे गेल्यापासून मला त्यांचा आवाजही नीट आठवत नाही, आणि हातांनी मात्र मला न विचारता त्यांची पँट शिवून ठेवली.

रडू येईल वाटलं, पण आलं नाही. जास्तीचं कापड आत दुमडलेलं होतं म्हणून निभावलं. उसवून खुणेवर शिवलं आणि पुढचा कपडा घेतला.

तुझ्याकडे ठेवलेल्या ह्यांच्या कपड्यांचं काय करायचं, हे तू कितीदा विचारलंस. दादाला दे. त्याला पँटी आखूड होतील, पण आत कापड आहे, मीच ठेवलेलं. शिंप्याकडे टाकू नकोस. मी आले की माझ्या हाताने उसवीन.

तुझी,
धाकटी